पाण्याचा हिशेब आणि छायाचित्राचा कागद

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस, सांगलीच्या सीमेलगत, माणगंगेच्या काठी वसलेले म्हसवड सिद्धनाथाच्या रथोत्सवासाठी जितके विख्यात आहे, तितकेच पाण्याच्या दुर्भिक्ष्यासाठीही सर्वश्रुत आहे. ब्रिटिश अमदानीत जवळच राजेवाडीचा विस्तीर्ण तलाव बांधला गेला, तरी १९७२ च्या दुष्काळाचे चटके या मुलखाला सोसावेच लागले; आणि २०१२-१३ साली माणदेशी फाउंडेशनला म्हसवडला जनावरांची छावणी उभारावी लागली. अशा गावात, मार्गशीर्षातील गुलालाने माखलेला रथ निगेटिव्हवर टिपून तो अंधाऱ्या खोलीत स्वतःच्या हाताने कागदावर उतरवण्याची ज्याला हौस आहे, त्याने कागदाची निवड करण्यापूर्वी घरातील पाणी मोजावे, असे माझे मत आहे.

कृष्णधवल छपाईसाठी बाजारात मुख्यतः दोन जातींचे कागद मिळतात. पहिला फायबर कागद, ज्याला आपल्याकडील जुने स्टुडिओवाले सरसकट ‘ब्रोमाइड’ म्हणत. यात कागदाच्या तंतुमय पाठीवर बेरियम सल्फेटचा शुभ्र थर आणि त्यावर चांदीच्या क्षारांनी युक्त असे जिलेटिन असते. दुसरा आरसी कागद. यात कागदाच्या दोन्ही अंगांना पॉलिएथिलीनचे विलेपन असते, आणि शुभ्रता यावी म्हणून वरच्या विलेपनात टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेले असते. रंगीत छपाईसाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि कृष्णधवल छपाईसाठी पुढील दशकाच्या प्रारंभी हा कागद प्रचारात आला. या दोहोंतील सारी तफावत एकाच गोष्टीतून निघते: फायबर कागद रसायन पितो, आणि आरसी कागद ते पीत नाही.

प्रतिमा स्थिर करण्यासाठी प्रत हायपोच्या, म्हणजे फिक्सरच्या, द्रावणात घालावी लागते, आणि त्याचे कार्य संपताच तो हायपो संपूर्ण काढून टाकावा लागतो. आरसी कागदात द्रावण केवळ वरच्या पातळ जिलेटिनात शिरते, म्हणून वाहत्या पाण्यात दोन मिनिटांचे प्रक्षालन त्यास पुरते. फायबर कागदाच्या तंतूंत मात्र ते खोल मुरते, आणि त्याला साधारण एक तास धुवावे लागते. नळाची धार मिनिटाला दोन लिटर धरली, तर आरसीस चार लिटर आणि फायबरला एकशे वीस लिटर पाणी लागेल. पंधरा लिटरची घागर धरल्यास या आठ घागरी होतात. आणि ज्या घरी टँकरची वाट पाहिली जाते, तेथे आठ घागरींचे मोल समजावून सांगण्याची गरज नसते.

तथापि पाणी वाचवावे म्हणून फायबरची प्रत अर्धवट धुऊन ठेवणे, हा मी या कलेतील सर्वांत मोठा अपराध मानतो. १८५५ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्यांनी तेथे ही विद्या संपादन केली. त्याच वर्षी लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने, छायाचित्रे का विटतात याचा छडा लावण्यासाठी एक समिती नेमली. अपुऱ्या धुण्यामुळे कागदात राहिलेला हायपो हेच विटण्याचे सर्वांत सामान्य कारण होय, असा निष्कर्ष त्या समितीने त्याच वर्षी काढला. आजोबांच्या तसबिरीवर पसरलेल्या पिवळट डागांचा दोष आपण काळाच्या माथी मारतो. पण पुष्कळदा तो घाईने आटोपलेल्या धुण्याचाच असतो.

आरसी कागदाच्या टिकाऊपणाविषयीही पूर्वी शंका घेतली जात असे, आणि ती निराधार नव्हती. प्रारंभीच्या आरसी प्रती भिंतीवर उजेडात टांगल्या असता त्यांचे विलेपन कालांतराने तडकत असे, कारण टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाशाच्या सान्निध्यात प्लास्टिकच्या जीर्ण होण्यास साहाय्य करते. पुढे कारखानदारांनी कागदात प्रतिबंधक द्रव्ये घालून हा दोष बराच आटोक्यात आणला. तरीही पिढ्यान्‌पिढ्या जपायची प्रत फायबरवरच काढावी, हा जाणकारांचा कौल अद्याप कायम आहे. आणि त्या प्रतीतील गडद काळ्याची खोली व पृष्ठभागाची सजीवता पाहिली की तो कौल डोळ्यांनाही पटतो. माणदेशाच्या कोरड्या हवेत फायबर कागद वाळताना गुंडाळला जातो, म्हणून तो जाळीवर पालथा वाळवून वजनाखाली दाबावा. आणि वाळल्यावर तो किंचित गडद होतो, याचे भान ठेवून एन्लार्जरखालील प्रकाशाची मुदत थोडी कमी धरावी. आरसी कागदास यांपैकी जवळजवळ कशाचीच चिंता नसते.

मग पाणी थोडे असता फायबरची प्रत काढावीच कशी? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असे आढळले की समुद्राचे खारे पाणी गोड्या पाण्याहून लवकर हायपो काढते, मात्र नंतर गोड्या पाण्याने ते मीठ धुवावे लागते. याच शोधातून सोडियम सल्फाइटचे द्रावण वापरण्याची पद्धत पुढे आली. इल्फर्ड कंपनीने जी क्रमवार रीत शिफारस केली आहे, तीत तीव्र व ताज्या फिक्सरमध्ये प्रत अवघे एक मिनिट ठेवावयाची, कारण थोड्या मुदतीत हायपो तंतूंत फारसा मुरत नाही. मग पाच मिनिटे धुणे, दहा मिनिटे अशा साहाय्यक द्रावणात ठेवणे, आणि शेवटी पुन्हा पाच मिनिटे धुणे. एका तासाचे काम अशा रीतीने दहा मिनिटांच्या पाण्यात होते. शिवाय हायपो कागदातून पाण्यात उतरतो तो विसरणाने. धारेच्या जोराचा त्यात विशेष वाटा नसतो. म्हणून ट्रे भरून प्रत हलवत ठेवावी आणि पाणी वरचेवर संपूर्ण बदलावे, म्हणजे नळ अखंड सोडण्याची गरज उरत नाही. वैशाखात टाकीचे पाणी तापते आणि जिलेटिन मऊ पडते. तेव्हा रांजणातील रात्रीचे गार पाणी वापरावे. फिक्सरचे टाकाऊ द्रावण मात्र विहिरीत वा झाडाच्या मुळाशी कधीही ओतू नये. त्यात चांदी असते.

या सर्व विचारांती माझा निर्णय असा आहे. शिकण्यासाठी, नमुन्याच्या प्रतींसाठी आणि यात्रेकरूंना वाटावयाच्या चित्रांसाठी आरसी कागद निःसंकोच वापरावा, त्यात कमीपणा मानू नये. ज्या एका निगेटिव्हवर आपली आजी, आपला रथ किंवा आटलेली माणगंगा आहे, आणि जी प्रत नातवंडांच्या हाती पडावी अशी आपली इच्छा आहे, तेवढीच फायबरवर काढावी. पण त्या दिवशी पुरेसे पाणी भरून ठेवूनच दिवा मालवावा. पाणी नसेल, तर निगेटिव्ह जपून ठेवावी आणि पावसाची वाट पाहावी.