काचपेटीतील जलीय हरिता : जालन्यातील घरगुती संवर्धन

प्रस्तावना : बोलीत 'शेवाळ' हा शब्द शैवाल व हरिता, म्हणजेच मॉस, या दोहोंसाठी वापरला जातो. तथापि हरितेस खोड व पानांसारखे अवयव असतात. खरी मुळे मात्र नसतात. जालन्यासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पावसाळा सरताच ती सुकते व विद्यार्थ्यांना जतन केलेल्या नमुन्यांवरच समाधान मानावे लागते. घरगुती काचपेटी हा यावरील सुलभ उपाय होय.

संवर्धन : 'जावा मॉस' (टॅक्सिफायलम बार्बिएरी) ही जाती यासाठी योग्य ठरते. ती मूलाभांनी आधारास चिकटते व पोषकद्रव्ये पानांतूनच शोषते; म्हणून मातीची गरज नसते. १० लिटरच्या पेटीत दगडावर तिचा पातळ थर दोऱ्याने बांधावा. प्रकाश मंद असावा. प्रखर उन्हात शैवाल वाढून हरितेस झाकते. खरी कसोटी उन्हाळ्याची. येथील तापमान ४० अंश सेल्सिअसपलीकडे जाते, तर हरितेस २० ते २५ अंश मानवतात. पेटी सावलीत ठेवून पाण्यावर पंख्याचा वारा द्यावा. बाष्पीभवनाने पाणी थंड होते. मात्र क्षार मागेच उरतात. म्हणून घटलेले पाणी साठविलेल्या पावसाच्या पाण्याने भरून काढावे.

निष्कर्ष : सूक्ष्मदर्शकाखाली एका पेशीच्या जाडीचे पाते व त्यातील हरितलवके जिवंत दिसतात. मार्चमधील प्रात्यक्षिकासही ताजा नमुना हाती असणे, हेच या पेटीचे शैक्षणिक मोल होय.