हलकी बॅटरी कोठे बसवावी?

मोटारीची बॅटरी एकदा तरी स्वतःच्या हाताने उचलून पाहावी. एरवी तिच्या वजनाची नीट कल्पना येत नाही. लहान गाडीची दहा-बारा किलोंची, मोठ्या डिझेल गाडीची तर वीस किलोंच्याही पुढची. आत शिसे भरलेले. आणि शिसे म्हणजे शिसेच! फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शिशाची पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. पुढे १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर, ज्याला आपण सेल्फ म्हणतो तो, कॅडिलॅक मोटारीत बसला आणि हँडल मारता मारता मनगट मोडून घेण्याच्या जाचातून चालक सुटला. तेव्हापासून बॉनेटखाली शिशाने जे ठाणे मांडले ते अजून बहुतेक गाड्यांतून हललेले नाही.

आता मात्र तेच काम तीन-चार किलोंत करणारी बॅटरी विकत मिळते. ही लिथियमची, त्यातही लोह-फॉस्फेट जातीची. या जातीचा शोध जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधील प्रयोगशाळेत १९९०-२००० या दशकात लागला. किंमत शिशाच्या बॅटरीपेक्षा कित्येक पटींनी अधिक. तरी जुन्या गाड्यांचे शौकीन आणि शर्यतीत उतरणारे तरुण ती हौसेने घेतात. घेऊन गॅरेजमध्ये गेले की मिस्त्री हमखास विचारतो, "साहेब, आता ही मागे डिकीत टाकू या का?" आपणही अशी बॅटरी घ्यायच्या विचारात असाल तर "हो" म्हणण्यापूर्वी थोडा हिशेब करा.

बॅटरी डिकीत नेण्याची कल्पना काही वेड्याची नव्हे. १९५९ साली इंग्लंडात निघालेल्या मिनी मोटारीत बॅटरी डिकीच्या तळातच होती. इंजिन पुढे, चालवणारी चाके पुढे. सगळा भार नाकावर. तेव्हा शिशाचे ओझे मागे गेले हे बरेच झाले. इटलीच्या १९५७ च्या छोट्या फियाट ५०० मध्ये याच्या उलट: इंजिन मागे म्हणून बॅटरी पुढे. तराजूची पारडी सारखी करण्यासारखेच हे आहे.

पण पारड्यात टाकायचे वजनच उरले नाही तर? समजा, आपली गाडी ७०० किलोंची आहे आणि त्यातले ४३० किलो पुढच्या चाकांवर आहेत. म्हणजे शेकडा ६१ हून थोडे अधिक. बारा किलोंची शिशाची बॅटरी पुढच्या आसावरून उचलून मागच्या आसावर ठेवली, तर पुढचा वाटा शेकडा ६० च्या किंचित खाली येतो. आता ती काढून त्याच जागी तीन किलोंची ठेवा. गाडी ६९१ किलोंची झाली, पुढे ४२१ राहिले. हीच बॅटरी आणखी मागे नेली तर पुढे ४१८. म्हणजे एवढ्या खटाटोपाने शेकडा अर्ध्याहूनही कमी फरक पडला. शिवाय बॅटरी मागे गेली की तिथून सेल्फपर्यंत जाड तांब्याची केबल ओढावी लागते. साडेचार मीटर लांबीची, ३५ चौरस मिलिमीटर जाडीची केबल घेतली तर नुसते तांबेच १ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास भरते. वरचे आवरण, क्लँप, फ्यूज धरून दोन किलो. नऊ किलो वाचवायला पैसे मोजले आणि त्यातले दोन किलो आपणच परत गाडीत भरले. माझे मत विचाराल तर, वजनासाठी हलकी बॅटरी मागे नेऊ नये. ती जितकी हलकी, तितके तिला हलवण्याचे कारण कमी.

हलवण्याचे एक खरे कारण मात्र आहे, आणि ते आपल्याकडे फार खरे आहे. ते म्हणजे उष्णता. लिथियमच्या बॅटरीला सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान मानवत नाही. मे महिन्यात घाट चढून आलेल्या गाडीचे बॉनेट उघडून पाहा. इंजिन बंद केल्यावर आतली उष्णता काही वेळ आणखी वाढतेच, कारण पंखा व वारा दोन्ही थांबलेले असतात. मूळ ट्रे एक्झॉस्टच्या नळ्यांजवळ असेल तर बॅटरी तिथून काढलीच पाहिजे. पण त्यासाठी डिकी गाठायला नको. बॉनेटखालीच जिथे बाहेरची हवा पोचते असा कोपरा शोधावा. बंपरला लागून मात्र नको, नाहीतर साध्या धडकेत बॅटरीच चेपायची. आणि इंजिनच्या बाजूला बोटभर पोकळी सोडून पत्र्याचा आडोसा करावा.

आता बसवण्याविषयी. हलकी बॅटरी लहानही असते, म्हणून मूळ ट्रेमध्ये ती खुळखुळते आणि मूळ पट्टी तिच्या माथ्याला टेकत नाही. पोर्शे कंपनीने २००९ साली आपल्या काही गाड्यांसाठी अशी बॅटरी जाहीर केली, तेव्हा तिची लांबी-रुंदी आणि बोल्टांच्या जागा मुद्दाम जुन्या बॅटरीसारख्याच ठेवल्या होत्या. उंची तेवढी सात सेंटिमीटर कमी. वजन सहा किलोंच्या आत, म्हणजे शिशाच्या बॅटरीपेक्षा दहा किलो कमी. बाजारातल्या सगळ्या बॅटऱ्या इतक्या सोयीच्या नसतात. सोबत स्पंजच्या चिकटपट्ट्या मिळतात; त्या कंप शोषण्यासाठी ठीक आहेत, पण बॅटरी धरून ठेवणे त्यांचे काम नव्हे. कित्येक गॅरेजांतून या पट्ट्या आणि प्लॅस्टिकची एक दोरी एवढ्यावर भागवतात. ते पाहून अंगावर काटा येतो.

का, ते आकड्यांत सांगतो. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. तीन किलोंची बॅटरी त्या क्षणी साठ किलोंची होते. साठ किलोंचा माणूस ज्यावर निर्धास्त लोंबकळेल, अशीच पट्टी हवी. बारा किलोंच्या बॅटरीला तर २४० किलोंचा जोर. जागतिक शर्यतींचे नियम करणारी एफ.आय.ए. ही संस्था याबाबत मोठी कडक आहे. बॅटरी मूळ जागेवरून हलवली तर धातूची बैठक, विद्युतरोधक आवरण चढवलेल्या धातूच्या दोन पट्ट्या, किमान १० मिलिमीटर जाडीचे बोल्ट, आणि प्रत्येक बोल्टाखाली गाडीच्या पत्र्याच्या खालून किमान ३ मिलिमीटर जाडीची, २० चौरस सेंटिमीटरची पट्टी, असे तिचे म्हणणे. ही शेवटची पट्टी आपल्याकडे हटकून वगळतात. गाडीचा तळ म्हणजे पातळ पत्रा. नुसता बोल्ट लावला तर धक्क्यासरशी पत्रा फाटून बोल्ट वर येतो.

पट्ट्यांवरचे आवरणही शोभेसाठी नाही. लोखंडी पट्टी घसरून धन टोकाला लागली तर शेकडो अँपियरचा प्रवाह तिच्यातून वाहून ती लालभडक होते. फोक्सवागनच्या बीटल गाडीत बॅटरी मागच्या सीटखाली असे. तिच्यावरचे झाकण हरवले आणि मागे धिप्पाड माणूस बसला, की सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलला टेकून धूर निघे. जुन्या बीटलवाल्यांना हे पक्के ठाऊक आहे. म्हणून धन टोकावर रबरी टोपी हवीच. आणखी एक: हलक्या बॅटरीची टर्मिनले पुष्कळदा बारीक स्क्रूची असतात. जाड केबलचा भार त्यांच्यावर लोंबू देऊ नका. वीतभर अंतरावर केबलला क्लँप घाला, आणि पाना बेताने फिरवा.

एवढे सांगूनही जागेच्या अडचणीमुळे बॅटरी डिकीतच न्यावी लागली, तर सर्वांत मोठी काळजी त्या लांब केबलची. ती गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि गाडीचे सारे अंग ऋण टोकाला जोडलेले असते. वाटेत कोठेही आवरण घासले गेले की थेट शॉर्टसर्किट. आणि पेट्रोलची नळी बहुधा शेजारूनच गेलेली. म्हणून बॅटरीपासून वीतभराच्या आत मोठा फ्यूज हवा. पुष्कळ गाड्यांत सेल्फच्या केबलला फ्यूज नसतो, कारण तिथे ती हातभरच असते. ते पाहून "कंपनीने नाही दिला, आपण कशाला द्या?" असे कोणी म्हणेल तर ऐकू नका. पत्र्यातल्या प्रत्येक भोकाला रबरी कडे, आणि सायलेन्सरच्या नळीपासून दूरची वाट. केबल बारीक घेऊन चालत नाही. सेल्फ २०० अँपियर ओढत असताना साडेचार मीटरच्या १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत जवळजवळ १ व्होल्ट वाया जातो; ३५ ची घेतली तर अर्ध्याहून कमी. ऋण टोक जोडायचे तिथला रंग चकाकेपर्यंत खरवडावा. इंजिन रबरावर बसलेले असते, तेव्हा इंजिन व बॉडी यांमधली वेणीची पट्टीही तपासावी. आणि डिकीत शिशाची बॅटरी असेल तर तिचा हायड्रोजन बाहेर काढणारी नळी लागते. माझदाच्या १९८९ च्या एमएक्स-५ गाडीत अशी नळी मुळातच होती.

बाकी स्वभावाच्या दोन गोष्टी. लिथियमला चार्जिंग १४.६ व्होल्टच्या वर जाता कामा नये. जुन्या गाडीचा रेग्युलेटर आधी मीटर लावून पाहा. शून्य अंशाखाली तिला चार्ज करू नये. म्हणूनच पोर्शेने थंडीसाठी नेहमीची शिशाची बॅटरीही सोबत दिली होती. आपल्याकडे ही अडचण लडाखला निघालात तरच. उलट अडचण सुटीची आहे. लेबलावर "शिशाच्या मानाने ३५" असे लिहिले असले तरी आत खरे अँपियर-तास १२ च असू शकतात. उभ्या गाडीतले घड्याळ आणि चोरघंटा ३० मिलिअँपियर ओढत असतील तर दिवसाला ०.७२ अँपियर-तास जातात. पंधरा दिवस गावाला गेलात की १०.८. परत आल्यावर सेल्फ "टक" एवढेच म्हणेल. जाताना ऋण टोक सोडून ठेवावे.

बॅटरी मागे असेल तर बॉनेटच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत "बॅटरी डिकीत आहे" असे लिहून ठेवा, आणि प्रवाह तोडणारा स्विच चालकाच्या हाताशी बसवा. अपघाताच्या वेळी मदतीला धावणारा माणूस वायर तोडायला आधी बॉनेटच उघडतो.