मर्मावर बोट!

मुदखेड जंक्शनला कधी उतरलायत? नांदेडपासून वीस-पंचवीस किलोमीटर. एक लाइन नांदेडकडे, एक आदिलाबादकडे आणि एक निझामाबादकडे. इथे गडबड झाली की तिन्ही दिशांच्या गाड्या खोळंबल्याच म्हणून समजा!

आयुर्वेदातल्या ‘मर्मा’चा फंडा नेमका हाच. मांस, शिरा, स्नायुबंध, हाडं आणि सांधे जिथे एकत्र येतात, ते शरीरातलं जंक्शन म्हणजे मर्म. ‘सुश्रुतसंहिते’त अशी १०७ मर्मं मोजली आहेत. हातापायांत ४४, धडावर २६ आणि मान-डोक्यावर ३७. नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातही बीएएमएसची मुलं ‘रचना शारीर’ शिकताना ती पाठ करतात.

‘मर्म मसाज’ म्हटलं की आपल्याला स्पा आठवतो. पण सुश्रुतांची यादी आहे जखमांची! शस्त्रक्रियेत कुठे चीर द्यायची नाही आणि कुठला घाव किती महागात पडेल, हे सांगणारी. ४४ मर्मं ‘वैकल्यकर’, म्हणजे जीव वाचला तरी अपंगत्व येणार. १९ ‘सद्यःप्राणहर’, म्हणजे थेट जिवावर बेतणारी.

आता भुवईच्या बाहेरच्या टोकापासून कानाकडे बोट न्या. हे ‘शंख’ मर्म, त्या १९ पैकी एक. इथलं हाड पातळ आणि आतून मेंदूच्या आवरणाची धमनी जाते. हाड तडकून ती फाटली, की कवटीच्या आत रक्त साचू लागतं. गंमत म्हणजे, पडलेला माणूस कधीकधी उठतो, कपडे झटकतो, ‘काही झालं नाही रे’ म्हणतो आणि काही तासांनी बेशुद्ध पडतो. म्हणूनच डोक्याला जोरात मार लागला, तर बरं वाटत असलं तरी डॉक्टर गाठायचाच.

आणखी एक. तीन मर्मं ‘विशल्यघ्न’ आहेत. तिथे रुतलेला बाण उपसला तर माणूस दगावतो, असं सुश्रुत सांगतात. आजचं प्रथमोपचाराचं पुस्तकही वेगळं काय सांगतं? खोल घुसलेली काच किंवा सळई ओढून काढू नका. ती हलणार नाही असं बघा आणि हॉस्पिटल गाठा.

तेव्हा मुदखेड-नांदेड बाइकवर अपडाऊन करणाऱ्यांनो, हेल्मेट आरशाला लटकवण्यासाठी नसतं. डोक्यात घाला आणि पट्टाही लावा. शंख मर्म तिथेच आहे, बॉस!