सीडी घेताना पैसे वाचवा

भजनाची सीडी घ्यायला निघालात? आधी आपल्या प्लेअरवर ‘एमपीथ्री’ लिहिलंय का ते बघा. साध्या ऑडिओ सीडीत जास्तीत जास्त ८० मिनिटांची गाणी मावतात. एमपीथ्री सीडीत शंभरावर गाणी बसतात. म्हणजे एक गाणं कितीतरी स्वस्त पडतं. पण जुन्या प्लेअरवर ती वाजतच नाही, आणि पैसे वाया जातात.

पाकिटामागची यादी वाचा. घरात आहेत तीच गाणी पुन्हा नकोत. गायिकेचं नावही बघा. आमच्या गटाने न बघता घेतली; गाणी तीच, पण आवाज भलताच! सील फोडलेलं, म्हणून दुकानदाराने परत घेतली नाही. तेव्हा आधी वाचा, मग फोडा, आणि बिल जपून ठेवा. चौघींनी मिळून घेतली तर प्रत्येकीला पाव किंमतच पडते.