जुन्या वाहनांचे सुटे भाग: अस्सल कोणते, नक्कल कोणती?

लखनौच्या हजरतगंज बाजारपेठेत एकेकाळी नित्य दिसणारी ‘विजय सुपर’ स्कूटर आता संग्राहकांच्या आवडीचा विषय झाली आहे. १९७५ मध्ये नोंदणी झालेल्या वाहनाला २०२५ मध्ये ५० वर्षे पूर्ण झाली असून ‘व्हिंटेज’ वाहन म्हणून त्याची नोंदणी होण्याचा मार्ग खुला झाला आहे. वाहन मूळ स्वरूपात असणे ही त्यासाठीची अट आहे. त्यामुळे जुन्या वाहनाची पुनर्बांधणी करताना बसवलेला भाग अस्सल की नक्कल, हा प्रश्न आता केवळ हौसेचा उरलेला नाही.

एक गाडी, अनेक उगम

इटलीतील मिलान येथील इनोसेंटी कंपनीने १९४७ मध्ये लॅम्ब्रेटा स्कूटर बाजारात आणली. १९७१ मध्ये तेथील उत्पादन थांबल्यानंतर भारत सरकारने यंत्रसामग्री व साचे विकत घेतले आणि १९७२ मध्ये ‘स्कूटर्स इंडिया लिमिटेड’ ही कंपनी स्थापन केली. लखनौ-कानपूर मार्गावरील सरोजिनीनगर येथील कारखान्यातून १९७५ पासून देशात ‘विजय’, तर परदेशात ‘लॅम्ब्रेटा’ या नावाने स्कूटर विकली गेली. दुचाकींचे उत्पादन १९९७ मध्ये थांबले. २०२१ मध्ये केंद्र सरकारने कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली.

या इतिहासामुळे एकाच भागाचे तीन प्रकार आढळतात: मिलानमध्ये घडलेला, त्याच यंत्रांवर लखनौत घडलेला आणि नंतर इतरांनी तयार केलेला. लखनौच्या स्कूटरसाठी लखनौचा भाग अस्सल ठरतो. तोच भाग मिलानच्या स्कूटरवर बसवला, तर तो नकली नसला तरी त्या गाडीचा मूळ भागही ठरत नाही. म्हणून ‘अस्सल’ हा शब्द कोणत्या गाडीसाठी वापरला जात आहे, हे आधी निश्चित करावे लागते.

ओळखायचे कसे?

पहिली तपासणी क्रमांकांची. सांगाड्यावरील आणि इंजिनवरील क्रमांक आरसी पुस्तकाशी जुळले पाहिजेत. आकड्यांची उंची कमी-जास्त असणे, त्याभोवती घासल्याच्या खुणा असणे किंवा त्याच जागी रंगाचा जाड थर असणे, ही संशयाची लक्षणे होत.

दुसरी तपासणी ठशांची. ओतीव भागांवरील उत्पादकाची मुद्रा व अक्षरे पाहावीत. मिलान आणि लखनौचे साचे एकच असल्याने मापांवरून त्यांतील फरक सहसा कळत नाही, मुद्रेवरून कळतो. कार्बुरेटरही बोलका ठरतो. इटलीतील गाड्यांवर डेलॉर्टो कार्बुरेटर असे, तर लखनौच्या अनेक गाड्यांवर भारतीय बनावटीचा जेटेक्स आढळतो.

तिसरी तपासणी मापांची. तयार भागावरूनच साचा काढून नक्कल केली, तर वितळलेला धातू थंड होताना आकसतो. ॲल्युमिनियमच्या बाबतीत हे आकुंचन एक टक्क्याहून अधिक असते. म्हणजे १०० मिलिमीटर लांबीचा भाग एक मिलिमीटरहून अधिक आखूड होतो, स्क्रूची छिद्रे जुळत नाहीत आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. व्हर्नियर कॅलिपरने ही तफावत सहज टिपता येते.

पत्र्याच्या भागांवर लोहचुंबक फिरवावा. पुट्टीचा जाड थर असलेल्या जागी तो नीट चिकटत नाही, तर फायबरवर मुळीच चिकटत नाही. झीजही पाहावी. हात किंवा पाय लागतो तेथेच ती स्वाभाविक असते. सर्वत्र सारखाच गंज किंवा सारखेच ओरखडे असल्यास भाग मुद्दाम जुना भासवला असण्याची शक्यता असते.

मोटारींनाही याच कसोट्या लागू पडतात. ब्रिटिश मोटारींमधील लुकास कंपनीच्या अनेक विद्युत भागांवर महिना व वर्षाचे आकडे कोरलेले असतात. १९५५ च्या मोटारीत त्यानंतरच्या वर्षाचा डायनामो आढळला, तर तो नंतर बदलला गेला, हे स्पष्ट होते.

नियम काय सांगतो?

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत करण्यात आलेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल झालेले वाहन मात्र त्यास पात्र ठरत नाही. नवीन नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून तिची मुदत १० वर्षे आहे. नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच असे वाहन रस्त्यावर आणता येते.

नक्कल सर्वत्र त्याज्य नाही

अस्सलपणाच्या आग्रहापोटी जुने टायर, ब्रेकचे अस्तर, रबरी नळ्या किंवा तडकलेल्या विजेच्या तारा तशाच ठेवणे धोक्याचे आहे. जुने रबर कडक होऊन फाटते आणि इंधन गळू लागल्यास आग लागू शकते. अशा ठिकाणी दर्जेदार नवा भागच योग्य होय. काढलेला मूळ भाग फेकून न देता चिठ्ठी लावून जपून ठेवावा.

नवा भाग बसवण्यात गैर काही नाही. तो अस्सल म्हणून विकण्यात आहे. खरेदीदाराने म्हणूनच पावत्या, दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे आणि बदललेल्या भागांची यादी मागून घ्यावी. ही कागदपत्रे नसल्यास ‘संपूर्ण ओरिजिनल’ या शब्दांसाठी जादा रक्कम मोजू नये.