दारू आणि संगत : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जामनेर, पहूर, शेंदुर्णीकडे लगनाची वरात असो की कपाशीचे पैसे हातात आलेली संध्याकाळ, ‘घे ना भो, एकानं काय होतं?’ हा आग्रह ठरलेलाच. पुढे संसार बुडाला की दोष त्या एकट्याच्या माथी. आग्रह करणारे नामानिराळे. पिण्यात संगतीचा वाटा किती, हे शास्त्रज्ञांनी प्राण्यांवर प्रयोग करून तपासलं आहे.

गैरसमज : संगतीचा परिणाम माणसावर होतो, प्राण्यांकडून काय कळणार?

वस्तुस्थिती : वाईट मित्रांमुळे माणूस पिऊ लागला, की पिणाऱ्याने तसेच मित्र शोधले, हे माणसांत सहज उलगडत नाही. प्रयोगात मात्र सोबती कोण, हे संशोधक ठरवतो. अमेरिकेतला प्रेअरी व्होल हा उंदरासारखा, जोडीने राहणारा प्राणी. ओरेगनमधल्या आंद्रे रियाबिनिन यांच्या गटाने पिंजऱ्यात मधोमध जाळी लावून दोन्हीकडे एकेक व्होल ठेवला. प्रत्येकापुढे दोन बाटल्या : एकीत साधं पाणी, दुसरीत ६ टक्के मद्यार्क. सहवासही मिळतो आणि कोण किती प्यायलं तेही वेगळं मोजता येतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की एकट्यापेक्षा सोबत असलेले व्होल जास्त दारू पितात.

गैरसमज : संगतीने माणूस बिघडतोच, सुधारत नाही.

वस्तुस्थिती : त्याच गटाने जास्त पिणाऱ्या व्होलशेजारी कमी पिणारा ठेवला, तेव्हा जास्त पिणाऱ्यांपैकी काहींनी आपलं पिणं सोबत्याच्या पातळीपर्यंत खाली आणलं. वर ढकलणारी संगत खालीही ओढू शकते.

गैरसमज : पोरांवर आणि मोठ्यांवर मित्रांचा परिणाम सारखाच.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात वयात येणारे उंदीर सोबत्यांमध्ये असताना एकटे असतानापेक्षा जास्त प्यायले, प्रौढ उंदरांत हा फरक दिसला नाही. म्हणून अकरावी-बारावीच्या पोराला मोठ्यांच्या बैठकीत ‘चव तर घे’ म्हणणं ही गंमत नाही.

गैरसमज : लहानपणच्या मायेचा याच्याशी काय संबंध?

वस्तुस्थिती : डी हिगली आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ऱ्हीसस माकडांवरचा अभ्यास मांडला. आईविना, बरोबरीच्या पिल्लांतच वाढलेली माकडं आईजवळ वाढलेल्यांपेक्षा जास्त प्यायली. पण सोबत्यांपासून तोडल्यावर आईजवळ वाढलेल्यांचं पिणंही जवळपास तेवढंच वाढलं. म्हणजे मायेची पुंजी असली तरी ताटातूट झोंबतेच.

गैरसमज : पिणाऱ्याला वाळीत टाका, खोलीत कोंडा, आपोआप सुटेल.

वस्तुस्थिती : रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. एकटं पाडणंही उपयोगाचं नाही. २०१८ मध्ये मार्को व्हेनिरो आणि यावीन शहाम यांनी व्यसन लागलेल्या उंदरांपुढे दोन कळा ठेवल्या : एक दाबली की मेथॅम्फेटामिन हे अमली द्रव्य, दुसरी दाबली की सोबत्याकडे जाणारं दार. बहुतेक वेळा उंदरांनी सोबती निवडला. मात्र सोबत्याला भेटायला उशीर लावला, किंवा भेटीबरोबर शिक्षा जोडली, की ते पुन्हा अमली द्रव्याकडे वळले. प्रयोग दारूचा नव्हता, पण टोमणे मारत दिलेला आधार का टिकत नाही, याचा विचार करायला लावणारा आहे.

गैरसमज : उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होतात.

वस्तुस्थिती : नाही. उंदराला कर्ज नसतं, नापिकी नसते, निवडणुकीतली फुकटची बाटली नसते. प्रयोग दिशा दाखवतात. उपाय माणसांतच शोधावे लागतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून हेच काम चालतं, आणि तिथे पिणाऱ्याबरोबर त्याच्या घरच्यांनाही उपचारात सामील करून घेतात.

आपल्या गावातही हेच करता येईल. दारू सोडलेल्याला वरातीत बोलवा, त्याच्या हाती ग्लास देऊ नका, आणि कुणी आग्रह धरलाच तर त्याच्याऐवजी तुम्ही ‘नाही’ म्हणा.