उसाची सोयरीक

घरातल्या मुलीचे लग्न ठरवायचे म्हटले की आपण समोरच्या घराण्याचे कूळ, शील, आजार, सारे बारकाईने विचारून घेतो. पण दिवाळीच्या करंजीपासून रोजच्या चहापर्यंत जिच्यावाचून आपले पान हलत नाही, त्या साखरेचे कूळ कोणी विचारतो काय? विचारलेच, तर उत्तर ऐकून सोवळी माणसे दचकतील. आजच्या उसाच्या पूर्वजांत ‘कास’ नावाचे एक रानगवत आहे!

ही विजोड सोयरीक जुळवली ती कोइमतूरला. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडची पांढरी साखर मोठ्या प्रमाणावर जावा बेटातून येई. उत्तर हिंदुस्थानातला ऊस काटक, पण बोरूसारखा बारीक. दक्षिणेकडचा जाड, रसाळ ऊस तिकडच्या थंडीत टिकेना. शिवाय उत्तरेत उसाला सहसा तुरा येत नाही, आणि तुऱ्यावाचून बी कुठले? कोइमतूरच्या हवेत मात्र उसाला तुरा येतो व बीही धरते. म्हणून १९१२ मध्ये तेथे ऊस पैदास केंद्र निघाले. बार्बर हे त्याचे पहिले प्रमुख आणि टी. एस. वेंकटरामन हे त्यांचे सहायक. जाड उसाचा गोडवा आणि रानगवताचा काटकपणा एकाच रोपात आणायचा, हा त्यांचा बेत. त्यातून ‘को २०५’ हा वाण जन्मला आणि १९१८ मध्ये पंजाबच्या शेतांत गेला. ‘को’ म्हणजे कोइमतूर. पुढे वेंकटरामन केंद्राचे प्रमुख झाले. १९५६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. जावाच्या एका वाणाशी कोइमतूरच्या वाणाचा संकर करून निघालेल्या ‘को ४१९’ने तर आपल्या दख्खनच्या कालव्यांवरचे मळे भरून टाकले.

येथे गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते! पण ऊस आपण बियांनी पेरीत नाही. त्याच्याच टिपऱ्या तोडून लावतो. म्हणजे हजारो एकरांवर जणू एकच ऊस उभा असतो. एकाला जो रोग मारील, तो सगळ्यांना मारील. ‘लाल कूज’ हा बुरशीचा रोग असाच कपटी आहे. वरून कांडे धडधाकट. उभे चिरावे तो आतला गाभा लाल, मधूनमधून पांढरे पट्टे आणि आंबूस वास. रोगट बेण्याबरोबर तो शेतोशेत हिंडतो. १९३८-३९ च्या सुमारास बिहार आणि उत्तर प्रदेशात ‘को २१३’ हा लाडका वाण त्याने लोळवला. शास्त्रज्ञांनी नवे वाण दिले. बुरशीनेही नवी रूपे घेतली. २००९ साली आलेल्या ‘को ०२३८’ने उत्तर प्रदेशातील बहुतेक ऊसक्षेत्र व्यापले, साखरेचा उतारा वाढवला, आणि पुन्हा त्याच लाल कुजीने त्याला गाठले. इतिहासाचा धडा तोच होता. विद्यार्थी मात्र नवे होते.

रोगाइतकाच दुसरा शत्रू पायाखाली असतो. नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि कोरड्या मुलखात हिरवेगार मळे उभे राहिले. पण काळ्या, भारी जमिनीत पाणी सारखे मुरत राहिले व निचरा नसला, म्हणजे जमिनीखालचे पाणी वर चढते. ते उडून जाते, क्षार मागे उरतात. पांढरा थर धरलेल्या त्या खारवट जमिनीत ऊस खुरटतो. नीरेकाठच्या पाडेगावला १९३२ मध्ये निघालेल्या संशोधन केंद्रात ऊस आणि माती यांचा विचार जोडीने होऊ लागला. मातीचा पोत, तिची खोली, तिचा निचरा पाहूनच पाणी द्यायचे, हे सूत्र दिसायला साधे आहे. पण पाटाला पाणी आले की ते विसरायला होते.

पाडेगावने महाराष्ट्रात आणलेला, ‘नीरा’ नावाने ओळखला जाणारा ‘को ८६०३२’ वाण आपल्याकडे अनेक वर्षे भरवशाचा ठरला आहे. पण भरवसा ठेवावा आणि सावधही राहावे, हे शहाण्या संसाराचे लक्षण उसालाही लागू पडते. निरोगी बेणे, पाण्याला वाट देणारे चर आणि एकाच वाणावर सारा गाव न टाकणे, एवढे शेताने करावे. पुढची सोयरीक शोधण्याचे काम प्रयोगशाळेने चालू ठेवावे. त्या कामाला लागणारा पैसा आणि धीर मात्र साखर खाणाऱ्या आपण सर्वांनी पुरवायला हवा.